वाडा, देवडी आणि बंदुकीचा परवाना

चिटगुप्पा-हुमनाबाद भागातील आपल्या जुन्या घराण्यांत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. मुले पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला किंवा समुद्रापलीकडे. सात खणांच्या वाड्यात सत्तरी ओलांडलेली दोनच माणसे. अशा वेळी बंडीच्या आतल्या खिशात एखादे पिस्तूल असावे काय? या प्रश्नामागची भीती खरी आहे, म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये. परंतु ‘पूर्वी घरोघरी बंदुका होत्या, म्हणून म्हातारी माणसे निर्धास्त होती’ हे जे विधान त्याच्या पाठोपाठ येते, ते मात्र इतिहासाच्या कसोटीस लावून पाहिले पाहिजे.

निजामाच्या राज्यात चिटगुप्पा हा पायगा अमिरांचा मुलूख होता. पायगेची पोलीस व न्यायव्यवस्था तिची स्वतःची असे. सरकारी खालशाचा हात तेथे थेट पोचत नसे. एकोणिसाव्या शतकात देशमुख, देशपांडे आणि सावकार आपल्या रक्षणासाठी अरब व रोहिले पदरी बाळगीत. हेच अरब-रोहिले पुढे स्वतः सावकारी करून त्याच लोकांच्या दारात धरणे धरीत, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. पहिल्या सालारजंगाला आपल्या सुधारणांत या बेलगाम शिपाईगिरीला आळा घालण्याचे मोठेच काम पडले. वाड्याची रचनाही या काळाची साक्ष देते : मोठ्या दरवाजातील वाकून जाण्याची दिंडी, आतून भिंतीत सरकणारा अडसर, दोन्ही अंगांच्या देवड्या, वरच्या भिंतीतील जंग्या. देवडीवर टांगलेली ठासणीची बंदूक येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणूनच टांगलेली असे. घरातील वृद्धाच्या हाती ती क्वचितच जाई. त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये देवडीवरचा माणूस, गावचा तळवार आणि शेजारची आळी एवढे सारे उभे असे.

ही व्यवस्था किती तकलादू होती, हे १९४८ साली दिसले. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या रझाकारांनी सीमाभागात धुमाकूळ घातला. मे महिन्यात बसवकल्याण परिसरातील गोरटा गावी मोठे हत्याकांड झाले. एका भक्कम वाड्यात एकत्र आसरा घेतला म्हणून पुष्कळ जीव वाचले, असे तिकडचे जाणते सांगतात. १३ सप्टेंबरला मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या फौजा सोलापूर-हैदराबाद रस्त्याने शिरल्या आणि चार-पाच दिवसांत निजामाची सत्ता कोसळली. त्यानंतरचा अध्याय आपल्या घराण्यांत कमी सांगितला जातो. पंडित सुंदरलाल समितीने या राज्यात पोलीस कारवाईच्या काळात व नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि नांदेड यांच्याबरोबर आपला बिदरही होता. मुसलमान गावकऱ्यांची हत्यारे काढून घेतली गेली, हिंदूंकडची मात्र बहुधा तशीच राहिली, अशीही नोंद त्या समितीने केली. हा अहवाल कित्येक दशके दडून राहिला. ज्यांच्या हाती बंदूक उरली त्यांनी ती रक्षणासाठीच वापरली, असे म्हणण्याचे धाडस हा अहवाल वाचल्यावर करवत नाही.

खरा बदल त्यापुढचा, आणि तो गाजावाजा न होता घडला. १९४९ मध्ये जहागिरी व पायगा खालसा झाल्या. १९५६ मध्ये बिदर जिल्हा विभागून हा भाग म्हैसूर राज्यात आला. १९६१ च्या कायद्याने वंशपरंपरागत ग्रामवतने संपली. हे सारे न्याय्यच होते. वेठीच्या पहाऱ्यावर झोपणाऱ्या घराने त्याबद्दल हळहळू नये. मात्र तळवार गेला, देवडी ओस पडली आणि भिंतीवरची बंदूक तेवढी राहिली. ती मुळात साखळीतली एक कडी होती, हे विसरून आपण तिलाच रक्षण समजू लागलो.

आजचा कायदा काय सांगतो? १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. परवाना हा हक्क नव्हे; अर्जदाराला खरोखर धोका आहे काय, हे पोलिसांच्या अहवालावरून पाहिले जाते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. २०१६ च्या नियमांनुसार शारीरिक व मानसिक प्रकृतीचा वैद्यकीय दाखला लागतो. सार्वजनिक जागी शस्त्र पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे लागते. म्हणजे देवडीवर मिरवण्याची जुनी रीत कायद्याने अगदी उलटी केली आहे.

अमेरिकेतील आपले आप्त तिकडच्या मोकळिकीचे दाखले देतात. तेथे २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क अधिक पक्का झाला, हे खरे. परंतु त्याच देशात पासष्टीपुढील माणसांचे बंदुकीने होणारे मृत्यू बहुतांशी आत्महत्येचे असतात. एकाकी घरात वाईट रात्र कोणती येईल, हे दरवेळी दरवाजाबाहेरच्या माणसावर अवलंबून नसते. शिवाय मोतीबिंदू, थरथरता हात आणि अंधारात पाणी प्यायला उठलेला नातू, यांचाही विचार करावा लागतो.

देवडीच्या जागी आज काय आहे, याची चौकशी त्यामानाने कोणीच करीत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी, अशी तरतूद त्याखालील नियमांत आहे. त्या यादीत आपले नाव आहे काय, हे ठाण्यात जाऊन पाहण्यास परवाना लागत नाही. अडीअडचणीला ११२ हा क्रमांक आहे. आणि वाड्याचा अडसर अजून शाबूत असेल, तर सुताराकडून तो एकदा नीट करून घ्यावा.

२०१६ च्या नियमांत आणखी एक कलम आहे. परवानाधारकास सत्तर वर्षे पूर्ण झाली, किंवा शस्त्र जवळ बाळगून पंचवीस वर्षे झाली, तर ते वारसाच्या नावे करून देण्याची मुभा त्यात आहे. चिटगुप्प्याच्या पंचक्रोशीत असे सत्तरीचे परवानाधारक आहेत. वारस पुण्यात सदनिकेत राहतो, त्याला ती नको असते. मग बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा होते, आणि कोनाड्यात बारुदाचे शिंग तेवढे राहते.