यांत्रिक हृदयपंप

यांत्रिक हृदयपंप : क्षीण झालेल्या हृदयाचे रक्त ढकलण्याचे कार्य अंशतः वा पूर्णतः करणारे यंत्र. त्याचा सर्वांत रूढ प्रकार डाव्या निलयास (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यास) साहाय्य करतो. निलयाच्या टोकाशी बसविलेला पंप रक्त ओढून महारोहिणीत सोडतो. त्वचेतून बाहेर काढलेल्या तारेने त्यास अंगावर वागविलेल्या विद्युत् घटांतून वीज मिळते.

रुग्णास दात्याचे हृदय मिळेपर्यंत जगविणे किती अवघड आहे, हे मुंबईच्या इतिहासावरून दिसते. भारतातील पहिले हृदय-प्रतिरोपण प्रफुल्लकुमार सेन यांनी तेथील के. ई. एम. रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये केले. क्रिस्तियान बर्नार्ड यांच्या केप टाऊनमधील शस्त्रक्रियेस तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. मस्तिष्कमृत्यूस भारतात कायद्याची मान्यता १९९४ मध्ये मिळाली व त्याच वर्षी पी. वेणुगोपाळ यांनी दिल्लीत प्रतिरोपण यशस्वी केले. मुंबईत मात्र ते ऑगस्ट २०१५ मध्ये साधले. त्यासाठी हृदय पुण्याहून विमानाने आणले होते.

दात्यांच्या या दुर्मिळतेमुळेच पंपास महत्त्व आले. मायकेल डेबेकी यांनी १९६६ मध्ये ह्यूस्टन येथे साहाय्यक पंपाचा यशस्वी उपयोग केला. डेंटन कूली यांनी १९६९ मध्ये कृत्रिम हृदयावर रुग्णास सु. ६४ तास जगवून नंतर दात्याचे हृदय बसविले. १९८२ मध्ये ‘जार्विक–७’ या कृत्रिम हृदयावर एक रुग्ण ११२ दिवस जगला. प्रतिरोपणास अपात्र अशा १२९ रुग्णांच्या अमेरिकेतील चाचणीत (२००१) वर्षअखेर पंप बसविलेल्यांपैकी सु. ५२ टक्के, तर केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी सु. २५ टक्के रुग्ण हयात होते. तात्पुरता आधार मानलेले यंत्र अशा रीतीने आजन्म उपचारही ठरले.

आरंभीचे पंप ठोक्याठोक्याने चालत व त्यांचे भाग झिजत. नंतरच्या पंपांत चक्र अखंड फिरते. त्यामुळे रुग्णाची नाडी पुष्कळदा हाताला लागत नाही. ‘हार्टमेट ३’ मध्ये चक्र चुंबकीय बलाने अधांतरी तोललेले असते. त्यास अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

रक्ताच्या गुठळ्या, रक्तस्राव, पक्षाघात व तारेच्या जागी होणारा जंतुसंसर्ग हे धोके राहतातच. यंत्र महाग आहे. शिवाय सोलापूर जिल्ह्यातील जेऊरसारख्या गावी राहणाऱ्या रुग्णास घट भारित करण्यासाठी खात्रीची वीज, नियमित रक्ततपासणी आणि जखमेची निगा घराजवळच मिळावी लागते. महानगरातील शस्त्रक्रिया कितीही यशस्वी झाली, तरी तिचे फळ या सोयींवरच अवलंबून असते.