मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची चाळणी: कोणाला कोणती चाचणी?

विष्ठेतील डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधण्याची युक्ती जुनी आहे. ग्वायकम झाडाची राळ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांना रक्त मिळाले की निळा रंग येतो. बर्लिनच्या इस्मार बोआस यांनी 1901 च्या सुमारास अशा छुप्या रक्तस्रावाचा संबंध पचनमार्गाच्या कर्करोगाशी जोडला. 1967 साली अमेरिकेत डेव्हिड ग्रीगर यांनी मात्र काहीच तक्रार नसलेल्या लोकांचे घरी घेतलेले नमुने तपासले. निदानाच्या चाचणीची चाळणी झाली ती इथे. हा फरक नीट लक्षात ठेवा. 1993 साली मिनेसोटातील अभ्यासाने दरवर्षी तपासलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू 33 टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. त्यात 46,551 माणसे होती, आणि ती आजारी म्हणून आलेली नव्हती.

पुढे 'फिट' चाचणी आली. ती फक्त मानवी हिमोग्लोबिन ओळखते, म्हणून आदल्या दिवशीच्या मटणाने फसत नाही. दरम्यान 1969 साली न्यूयॉर्कमध्ये शिन्या आणि वुल्फ यांनी कोलोनोस्कोपमधूनच पॉलिप कापून काढला होता.

भारताच्या 2016 च्या तपासणी आराखड्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी. त्यामुळे चाचणीची निवड समोर बसलेल्या डॉक्टरवरच येते.

दिल्लीच्या हिंदूराव रुग्णालयाचे उदाहरण घेऊ. (हे नाव बायजाबाई शिंदे यांचे बंधू, कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदुराव यांचे, त्यांचा वाडा इथेच होता.) अशा महापालिकेच्या रुग्णालयातील ओपीडीत 45 वर्षांचा माणूस येतो, असे समजा. वर्षभर मूळव्याधीचे औषध चालू आहे, शौचातून रक्त पडते, वजन घटले आहे. त्याला फिट स्वस्त म्हणून लिहून द्याल? रक्त दिसतच असताना छुपे रक्त कशाला शोधायचे? चाचणी निगेटिव्ह आली तर तो निर्धास्त होऊन घरी जाईल, आणि गाठ वाढत राहील. त्याला बोटाने गुदतपासणी आणि कोलोनोस्कोपी हवी.

कर्करोग निघाला, तर त्याच्या 38 वर्षांच्या धाकट्या भावाला बोलावून घ्या. त्याला काही तक्रार नसली तरी सख्ख्या नात्यात कोलोनोस्कोपी चाळिशीत, किंवा रुग्णाच्या निदानाच्या वयाच्या 10 वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा सुचवतात. धाकट्याचे ते वय तीन वर्षांपूर्वीच उलटले आहे.