गाविलगड: दोन डोक्यांचा पक्षी आणि उत्तरेची वाट

आजचा एपिसोड आपल्या उशाशी असलेल्या किल्ल्याचा आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याची एसटी घाट चढून वर आली, की मेळघाटच्या जंगलात गाविलगड उभा. आपल्याकडच्या पोरांना रायगड, सिंहगड तोंडपाठ असतात. गाविलगडाचं मात्र असं असतं, की भीमकुंड बघून वेळ उरला तर जाऊ. म्हणून म्हटलं, याची गोष्ट नीट सांगावी.

नाव आलं गवळ्यांवरून. या डोंगरात गुरं राखणाऱ्यांची इथे जुनी गढी होती असं मानतात. दगडी किल्ल्याचं श्रेय फरिश्ता हा इतिहासकार बहमनी सुलतान अहमदशहा वलीला देतो. साल १४२५-२६.

पण मला धरून ठेवतो तो पुढचा माणूस, फतहुल्ला इमादशहा. हा मूळचा विजयनगरकडचा कानडी हिंदू. लहानपणीच बहमनी फौजेच्या हाती सापडला आणि वऱ्हाडात आला. इथेच वाढला, सुभेदार झाला आणि १४९० मध्ये स्वतंत्र झाला. राजधानी कुठली? आपलं अचलपूर! गाविलगडाची डागडुजीही त्यानेच केली.

आता गडाच्या दिल्ली दरवाजाकडे बघा. वर दोन डोक्यांचा पक्षी कोरलाय, त्याच्या तावडीत हत्ती. हा गंडभेरुंड. विजयनगरच्या राजांचं हे आवडतं चिन्ह, आणि कर्नाटकच्या राजमुद्रेत ते आजही आहे. पकडून आणलेल्या त्या पोराने आपल्या मुलखाची खूण वऱ्हाडच्या दारावर लावली, असा अर्थ अनेक जण लावतात. मला तो पटतो. घर सुटलं तरी घराची खूण सुटत नाही ना!

आता थेट १८०३. नागपूरकर भोसले आणि शिंदे एका बाजूला, ईस्ट इंडिया कंपनी दुसऱ्या बाजूला. २९ नोव्हेंबरला अकोल्याकडच्या अडगावला मराठी फौज हरली आणि आर्थर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. गडावर भोसल्यांचा किल्लेदार होता बेनीसिंग.

किल्ल्याचा डाव समजून घ्या. दक्षिणेला सरळ तुटलेले कडे, तिकडून तोफा वर नेणं जवळजवळ अशक्य. उत्तरेला मात्र डोंगराची एक सोंड पठाराला जोडलेली. म्हणूनच त्या अंगाला बाहेरचा किल्ला बांधलेला, आणि तो व आतला किल्ला यांच्या मध्ये दरी. एक भिंत पडली तरी दुसरी उभी राहणार. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत बॅकअप.

कंपनीने ती उत्तरेची वाटच धरली. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने जंगलातून रस्ता करत जड तोफा मागच्या पठारावर ओढून नेल्या. नाव स्टीव्हन्सनचं, पण ओढणारे खांदे त्याच्या सैनिकांचे. १३ डिसेंबरला तोफा सुरू झाल्या, १५ तारखेला हल्ला. बाहेरचा किल्ला पडला. आतला अडून बसला, तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी दरीतून शिडी लावून भिंतीवर चढली आणि आतून दरवाजा उघडला. बेनीसिंग लढता लढता पडला.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांनी कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. गंमत बघा, खुद्द गाविलगड मात्र भोसल्यांकडेच राहिला! ज्या भिंतींसाठी इतकी माणसं मेली, त्या जिंकणाऱ्याने ठेवून घेतल्याच नाहीत. तो वेलस्ली पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगप्रसिद्ध झाला. बेनीसिंगचं नाव परतवाड्यात किती जणांना माहीत असेल, तुम्हीच सांगा.

आज दिसते ती पडझड सगळी लढाईची नाही. १८५८ मध्ये तात्या टोपे येऊन किल्ला धरतील या भीतीने इंग्रजांनी तटबंदी मोडून टाकली. म्हणजे सव्वाचारशे वर्षांहून जुना हा म्हातारा तेव्हाही सरकारला धाक देत होता.

तर मंडळी, पुढच्या वेळी चिखलदऱ्याला गेलात तर गडासाठी सकाळ राखून ठेवा. दिल्ली दरवाजाखाली थांबून मान वर करा, पक्षी बघा. मग उत्तरेच्या टोकाला जाऊन पठाराकडे तोंड करून उभे राहा. तोफा तिथूनच आल्या. आणि ऊन कलायच्या आत खाली उतरा, कारण गडाची राखण आता जंगलातल्या वाघाकडे आहे.