दहा कोटींतला एक भाग

माणदेश म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे व्यंकटेश माडगूळकरांची मेंढरे आणि उघडाबोडका माळ येतो. तो माळ अजून आहे, मेंढरेही आहेत. पण माणगंगेच्या दोन्ही अंगांना, सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावपासून सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीपर्यंत, आता दुसरेही एक चित्र दिसते. विहिरीत जेवढे पाणी तेवढी बाग. १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेल्या या मुलखात १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून डाळिंब पसरले. खानापूर, तासगाव, कवठे महांकाळकडे द्राक्ष आधीपासून होते. टेंभू योजनेचे कृष्णेचे पाणी आटपाडीकडे पोचले तसे बागायत आणखी वाढले.

बागेच्या कडेला, पाटाच्या काठाला, दोन-चार गुंठ्यांत मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक टाकलेला असतो. डाळिंब कर्ज काढून लावायचे, पालेभाजी आठवड्याच्या बाजारापुरती. तिच्या जुड्या बांधून घरातली बाई म्हसवडच्या किंवा आटपाडीच्या बाजारात बसते आणि येताना तेल-मीठ घेऊन येते. औषध दोन्हींवर मारले जाते, पुष्कळदा पाठीवरच्या एकाच पंपाने. परदेशी जाणाऱ्या फळात त्या औषधाचा किती अंश उरला, हे दहा कोटींतल्या एका भागापर्यंत मोजले जाते. जुडीच्या वाट्याला असे मोजमाप क्वचितच येते. ही तफावत कशी पडत गेली, हा या लेखाचा विषय आहे.

‘औषध’ हा शब्दच पाहा. कीड मारणाऱ्या विषाला आपल्या खेड्यांत दुसरा शब्द रूढ झाला नाही. त्याच्या आधीचे उपाय डोळ्यांना दिसत असत. वांग्यावर, भाजीवर चुलीतली राख टाकत. द्राक्षावर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण मारत. त्याचा निळसर डाग पानावर राही आणि कोणी विचारले तर दाखवता येई. स्वातंत्र्यानंतर बीएचसीची पावडर आली, तीही पांढरी दिसायची. (तिच्यावर बंदी यायला १ एप्रिल १९९७ उजाडावे लागले.) त्यानंतर बाटलीतली पातळ औषधे आली आणि अंश दिसेनासा झाला. काही औषधे तर पानावर न राहता पानात शिरणारी, रसाबरोबर झाडभर फिरणारी. डोळ्याने, वासाने किंवा धुऊन त्यांचा पत्ता लागत नाही. शेतकऱ्याकडे माप उरले ते बाटलीच्या झाकणाचे: पंपाला एक झाकण, कीड जास्त असेल तर दीड.

देशाला या विषाची कायदेशीर दखल घ्यावी लागली ती एका अपघातामुळे. १९५८ साली केरळमध्ये शंभरावर माणसे दगावली. पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि खाण्याचे पीठ यांची एकत्र वाहतूक झाली होती आणि विष पिठात उतरले होते. चौकशी झाली, समित्या बसल्या आणि दहा वर्षांनी, १९६८मध्ये, कीटकनाशक कायदा झाला. त्याचे नियम १९७१चे. या कायद्याचा पाया नोंदणी हा आहे: कोणते औषध, कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेने, आणि फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी. ही माहिती कंपनीने चाचण्या करून द्यायची आणि मग ती लेबलवर छापायची. यातला ‘कोणत्या पिकावर’ हा शब्द पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता.

मोजण्याची विद्याही त्याच सुमारास वयात आली. जेम्स लव्हलॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५७च्या आसपास एक शोधक यंत्र बनवले. क्लोरीनयुक्त रेणूंचा अतिसूक्ष्म मागोवा त्याने घेता येऊ लागला आणि डीडीटीचे अंश जिथे कोणी कल्पना केली नव्हती तिथेही सापडू लागले. रेचल कार्सनचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२चे, अन्नमानके ठरवणारा कोडेक्स आयोग १९६३चा. आपल्याकडे अंशांवरचा अखिल भारतीय संशोधन प्रकल्प १९८०च्या दशकाच्या मध्यावर उभा राहिला आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात त्याचे केंद्र झाले. यंत्रे होती, माणसे होती, शोधनिबंधही निघत होते. बांधावरच्या शेतकऱ्याला मात्र त्यांची गाठ पडायला एका नकाराची गरज होती.

तो नकार २००३ साली नेदरलँड्समधून आला. भारतीय द्राक्षांत मिथोमिल आणि ॲसिफेट यांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि माल अडला. जे इतक्या वर्षांत झाले नव्हते ते नंतर एका हंगामात झाले. निर्यातीचे काम पाहणाऱ्या ‘अपेडा’ने अंश नियंत्रणाचा आराखडा आणला, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आली, पाठोपाठ ग्रेपनेट ही संगणकीय नोंद आली. प्रत्येक निर्यातक्षम बाग कृषी खात्याकडे नोंदवायची, फवारणीची वही ठेवायची, काढणीपूर्वी प्रयोगशाळेच्या माणसाने येऊन नमुना न्यायचा, अहवाल बरा आला तरच घड तोडायचा. डाळिंबासाठीही पुढे अशीच नोंद झाली. तासगाव-खानापूरचा चौथी-पाचवी शिकलेला बागायतदार ‘एमआरएल’, ‘पीएचआय’, ‘लेबल क्लेम’ हे शब्द सहज वापरू लागला आणि केंद्राच्या शिफारशींची यादी ‘ॲनेक्शर पाच’ या नावाने पारावर आली. शेतकऱ्याला हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांना द्राक्षाने दिलेले हे उत्तर मला आजही पुरेसे वाटते.

पण मोजमाप विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. २०१०मध्ये याचा फटका बसला. खरड छाटणीनंतर वेलीची शाकीय वाढ रोखून काडीत घड धरावा म्हणून क्लोरमेक्वॅट क्लोराइड वापरत. शेतकरी त्याला ‘सीसीसी’ किंवा ‘लिहोसिन’ म्हणतो. ते कीडनाशक नव्हे, वाढनियंत्रक. तपासणीच्या यादीत त्याचे नाव नव्हते, म्हणून इथल्या अहवालांत ते दिसले नाही. युरोपात कोणीतरी शोधले आणि ते सापडले. तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. उन्हाळ्यात फवारलेले द्रव्य पुढच्या वर्षीच्या फळात उतरले होते. ज्यांनी सारे नियम पाळले, वह्या लिहिल्या, तपासणीचा खर्च सोसला, त्यांचाही माल अडकला. त्यांची चूक कोणती, हे त्यांना आजतागायत नीट सांगितले गेलेले नाही, असे माझे मत आहे. यादीत नाव घालून तपासणी पुन्हा सुरू झाली. बोट ठेवणारा ग्राहक होता, म्हणून यादी दुरुस्त झाली.

आता जुडीकडे येऊ. मेथीवर मावा पडला, पालकावर नागअळीच्या रेघा उमटल्या, तर माणमधला शेतकरी कृषी सेवा केंद्रात जातो आणि दुकानदार बाटली देतो. तिच्या लेबलवर कापूस, भात, मिरची, वांगी असते. मेथी किंवा शेपू बहुधा नसतो. कारण सरळ आहे. एका पिकासाठी चाचण्या करून नोंदणी घ्यायला खर्च येतो आणि शेपूच्या दोन गुंठ्यांतून कोणत्या कंपनीला तो वसूल होणार? ही अडचण आपलीच नव्हे. अमेरिकेने अशा लहान पिकांच्या अंशांची माहिती सरकारी पैशातून जमवण्यासाठी १९६३ सालीच आयआर-४ हा कार्यक्रम सुरू केला. नोंदणी नाही म्हणून मात्रा ठरलेली नाही, प्रतीक्षेचे दिवस ठरलेले नाहीत आणि मर्यादाही नाही. मर्यादा ठरलेली नसेल तिथे सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम हा आकडा लावायची पद्धत युरोपने आणली आणि आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही ती स्वीकारली. म्हणजेच दहा कोटींतला एक भाग.

हा आकडा पालेभाजीला किती कठीण आहे, याचा हिशेब बोटांवर करता येतो. समजा, फवारणीनंतर किलोभर पाल्यावर १ मिलिग्रॅम औषध बसले आणि दर तीन दिवसांनी ते निम्मे होत गेले. १चे ०.०१ व्हायला सुमारे वीस दिवस लागतील. मेथीचे सारे आयुष्यच महिन्याभराचे. तिसऱ्या आठवड्यात मारलेले औषध ताटात येणार, हे ठरलेले. डाळिंबाचे तसे नाही; फुलापासून फळ पिकेपर्यंत पाच-सहा महिने जातात, फळ वाढते तसा अंश विरळ होतो आणि साल तर आपण टाकूनच देतो. पालेभाजी वजनाला हलकी आणि पसाऱ्याला मोठी, त्यामुळे फवारा धरून ठेवण्यात तिची बरोबरी करणारे पीक नाही. आणि आपण ती पानासकट, कोवळ्या देठासकट खातो.

प्रयोगशाळेतही पालेभाजी सोपी नाही. २००३ सालीच, द्राक्षे अडली त्याच वर्षी, ‘क्वेचर्स’ ही अंश वेगळे करण्याची स्वस्त आणि झटपट पद्धत प्रसिद्ध झाली आणि जगभर पसरली. वाटलेली भाजी ॲसिटोनायट्राइलमध्ये मीठ घालून हलवायची, वरचा द्रव काढून तो साफ करायचा आणि यंत्रात सोडायचा. मेथी-पालकात हा द्रव हिरवागार निघतो. ते हरितद्रव्य यंत्र खराब करते आणि आकडे बिघडवते. ते काढायला कोळशाची विशिष्ट भुकटी वापरावी, तर थायाबेंडाझोलसारखी चपट्या रेणूंची औषधेही तिला चिकटून जातात. हिरवा रंग काढताना पुरावाही थोडा निघून जातो. म्हणून पालेभाजीचा विश्वासार्ह अहवाल द्यायला द्राक्षापेक्षा जास्त कौशल्य लागते.

देशातल्या अन्नाचीच तपासणी होत नाही असे नाही. २००५-०६पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय पातळीवरची अंश-तपासणी योजना चालू आहे. २०१४-१५च्या अहवालात २०,६१८ नमुने आहेत. त्यांतल्या १८.७ टक्क्यांत अंश सापडले, पण मर्यादेच्या वर फक्त २.६ टक्के होते. सरकारी निवेदनात हा शेवटचा आकडा पुढे येतो आणि वाचणारा निर्धास्त होतो. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: १२.५ टक्के नमुन्यांत अशी औषधे सापडली, ज्यांना त्या पिकावर मान्यताच नव्हती. मर्यादा ठरलेलीच नसेल तर ती ओलांडली असे कोण म्हणणार? मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर वापरायला २००५मध्ये बंदी आली. त्यानंतरही भाज्यांच्या नमुन्यांत ते सापडत राहिले, कारण कापसासाठी ते दुकानात होतेच.

यात शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवणे सोपे आहे आणि शहरात ते नेहमी केले जाते. पण पंप त्याच्याच पाठीवर असतो. गळका नळ, वाऱ्याने उलटा येणारा फवारा हे आधी त्याच्या अंगावर येते, आणि त्या दोन गुंठ्यांतली भाजी आधी त्याच्याच घरी शिजते. त्याने स्वतः तपासून घ्यायचे ठरवले तरी एका नमुन्याला काही हजार रुपये पडतात. सगळा वाफा विकूनही पुष्कळदा तेवढे येत नाहीत. म्हणून एकट्याचा नमुना हा मार्गच नव्हे. एका गावच्या किंवा एका बाजाराच्या पालेभाजीचा मिळून नमुना, तोही काढणीच्या आठवडाभर आधी, आणि खर्च सरकारचा, असे केले तर कोणत्या किडीला कोणती बाटली वापरली जाते आणि किती दिवसांत अंश खाली येतो, याची माणदेशापुरती तरी यादी तयार होईल. द्राक्षाची यादी अशीच झाली.

अडचण वेळेची राहते. द्राक्षाचा घड अहवालासाठी वेलीवर आठवडाभर थांबू शकतो. मेथी थांबत नाही. चार दिवस उशीर झाला की देठ निबर होतो आणि फूल दिसते. दहिवडीहून नमुना बर्फात घालून पुण्याला न्यायचा, तोही सुकायच्या आत. तिथून आकडा यायला काही दिवस लागतात. तोवर वाफा मोकळा होऊन त्यात कोथिंबिरीचे धणे पडलेले असतात.