गर्दी मोजली कुठे जाते?

स्टेशनवरच्या गर्दीवर संशोधन करायचं तर पहिला प्रश्न नोंदींचा. पिंपरी-चिंचवडचंच उदाहरण घेऊ.

खंडाळा–पुणे रेल्वे सुरू झाली १८५८ मध्ये. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली १९५४ मध्ये, एमआयडीसीची स्थापना झाली १९६२ मध्ये. पुणे–लोणावळा लोकल मात्र १९७८ ची. म्हणजे रूळ आधी, कारखाने नंतर आणि लोकल सगळ्यात शेवटी. मधल्या काळात सायकलनं, बसनं कामावर जाणारे कामगार स्टेशनच्या नोंदीत सापडणार नाहीत.

लोकल आल्यावरही अडचण उरतेच. मासिक पासवाला नेमक्या कोणत्या गाडीनं गेला, हे पासावरून कळत नाही. रेटारेटी होते ती शिफ्टच्या वेळी. दिवसाच्या एकूण आकड्यात ती दिसत नाही. चाकणला तर रेल्वेच नाही. तिथली गर्दी कंपनीच्या बसमध्ये आणि पुणे–नाशिक रस्त्यावर.

दुर्घटना घडली की मात्र कागद तयार होतात. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. मग चौकशी झाली, लष्कराकडून नवा पूल बांधून घेतला गेला. रोज जीव मुठीत धरून जिना चढणाऱ्यांचा पुरावा शोधायचा तर प्रवासी संघटनांची निवेदनं, स्थानिक बातम्या आणि कामगारांच्या मुलाखतींकडे वळावं लागतं.

म्हणून प्रवासी संख्येचा आकडा मिळाला की विचारा: हा कोणत्या तासाचा? यात कोण मोजलं गेलं नाही? कारण पूल, जिने, जादा गाड्या हे सगळं मोजलेल्या माणसांसाठीच आखलं जातं.