घाईंतून जन्मलेलें नाताळपत्र

इंग्लंडांत १८४० सालीं एका पेनीचें टपाल सुरू झालें. त्या सुधारणेच्या खटपटींत हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याचा हात होता. पुढें नाताळांत आलेल्या पत्रांस उत्तरें लिहावयास त्यांनाच सवड मिळेना. अखेर १८४३ सालीं जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून त्यांनीं शुभेच्छांचें एक पत्र चितारून घेतलें व छापविलें.

मध्यभागीं सुखवस्तु कुटुंब मद्याचे पेले घेऊन बसलें आहे. परंतु खरें पाहण्यासारखें आहे तें दोन्ही कडांना. एकीकडे भुकेल्यांस अन्न, दुसरीकडे उघड्यांस वस्त्र दिलें जात आहे. ही नुसती शोभा नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत येशूनें जीं दयेचीं कृत्यें गणिलीं, त्यांत हीं दोन्ही आहेत. दीनांसाठीं केलें तें आपणांसाठींच केलें, असा त्याचा भाव आहे.

टीका झाली ती मात्र चित्रांतील लहान मुलाच्या ओठीं लावलेल्या पेल्यावरून! मद्यनिषेधकांचा आक्षेप रास्तच होता म्हणा.

पत्राची किंमत होती एक शिलिंग. त्याच डिसेंबरांत प्रसिद्ध झालेल्या डिकन्सच्या नाताळकथेंतील गरीब कारकुनास आठवड्याचे पंधरा शिलिंग मिळतात. कडेला चितारलेल्या माणसांस तें पत्र विकत घेणें परवडणारें नव्हतें.