सेवादलाच्या मैदानावरची माणसे

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा पाककृतींची पाने आधीच भरून गेली होती. म्हणून मी इतिहासाकडे वळले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शाळा सुटली की शिकणेही सुटते काय, हा प्रश्न आमच्यासारख्यांच्या मनात घर करून असतो. त्यामुळे ज्यांनी वर्ग, फळा, परीक्षा यांच्यावाचून हजारो मुलामुलींना शिकविले, त्या राष्ट्र सेवा दलाच्या माणसांविषयी वाचावे, वडीलधाऱ्यांना विचारावे असे मला फार दिवस वाटत होते. शिवाय आपल्या गोरेगावच्या मृणालताई गोरे त्याच मैदानावरून आलेल्या. तेव्हा हा विषय तसा आपल्या दारचाच आहे.

मूळ थोडे मागे आहे. १९२३ साली काकीनाडा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्या वेळी डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी स्वयंसेवकांची हिंदुस्थानी सेवादल ही संघटना उभी केली. पुढे महाराष्ट्रातल्या काही तरुण कार्यकर्त्यांना वाटले की, मुलांना लहानपणापासून एकत्र आणणारे काही रोजचे काम हवे. त्या दिवसांत धर्माच्या नावाने मुलांना वेगवेगळे गोळा करणाऱ्या संघटना वाढत होत्या. आपले मैदान मात्र सर्व जातिधर्मांच्या मुलांना खुले असावे, असे यांनी ठरविले. ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची स्थापना झाली. एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. नानासाहेब गोरे, शिरूभाऊ लिमये ही मंडळी बरोबर होती.

मैदानावर चाले ते असे: झेंडावंदन, कवायत, लेझीम, खो-खो, गाणी, एखादी गोष्ट आणि शेवटी बौद्धिक. शिक्का मारलेला दाखला कोणाला मिळत नसे. पण रांगेत कोणाच्या मागे उभे राहावयाचे हे जातीवरून ठरत नसे, आणि मुलीही मुलांच्या बरोबरीने येत. आज हे वाचताना काही वाटणार नाही. त्या काळी संध्याकाळी न्हाणधुण झालेली मुलगी पटांगणावर जाऊन लेझीम खेळते म्हणजे शेजारीपाजारी दहा तोंडांनी बोलत.

आमच्या सासूबाई खानदेशातल्या. त्या लहानपणी शाखेत जात. त्यांच्या आईने अट घातली होती की, दिवेलागणीच्या आत घरात पाय पडला पाहिजे. शाखा लांबली तर शाखेच्या गुरुजींनी कंदील घेऊन एकेका मुलीला तिच्या ओट्यापर्यंत पोचवावयाचे. सासूबाई म्हणतात, त्या कंदिलामुळेच चार घरांनी आपल्या मुली धाडल्या. भाषणाने एकही आली नसती! मला हे फार खरे वाटते.

एस. एम. जोशी हे जुन्नरचे, जन्म १९०४ सालचा. १९४२ च्या चळवळीत ते भूमिगत झाले, तेव्हा दाढी वाढवून मुसलमानी वेषात राहिले; त्यांना इमामसाहेब म्हणत. ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. पण त्यांच्या पत्नी ताराबाई शिक्षिका होत्या आणि घरची चूल त्यांच्या पगारावर पेटत होती, हे कोणी तितक्या हौसेने सांगत नाही. देशकार्याला वाहून घेतलेल्या पुरुषाच्या घरी पीठमीठ कोणी पाहिले, हे विचारल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही, असे माझे आपले मत आहे.

आता साने गुरुजी. त्यांनी सेवादलाची स्थापना केली असे पुष्कळजण धरून चालतात. तसे नाही, पण मुलांच्या मनात सेवादल रुजविले ते त्यांनीच. पालगडचा हा मुलगा १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाला. वसतिगृहात मुलांची अंथरुणे घड्या करून ठेवावी, खोल्या झाडाव्या, आजारी मुलापाशी बसावे आणि मुलांसाठी हाताने लिहिलेले ‘छात्रालय’ दैनिक काढावे, असा त्यांचा क्रम. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ते पुस्तक वाचून आपण सर्वजणी रडलो आहोत. परंतु गुरुजी नुसते डोळे पुसणारे नव्हते.

पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले नव्हते. गुरुजींनी उपोषणाचा निश्चय केला आणि त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा काढला. सेनापती बापट बरोबर होते, आणि सेवादलाचे कलापथक गावोगाव गाणी म्हणत होते. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू झाले. गावात जागा मिळणे कठीण. तेव्हा तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. एका वारकरी महाराजांनी दार उघडले, ही गोष्ट मला उपोषणाइतकीच मोठी वाटते. गांधीजींपर्यंत चुकीची हकीकत गेली आणि त्यांनी उपोषण सोडण्यास कळविले. ज्यांना गुरुस्थानी मानले त्यांचा शब्द आला, तरी गुरुजी ढळले नाहीत. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हाच उपोषण सुटले. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक काढले आणि ११ जून १९५० रोजी ते गेले.

१९४८ साली समाजवादी मंडळी काँग्रेसबाहेर पडली आणि सेवादलही आपल्या पायावर उभे राहिले. त्या राजकारणाच्या खाचाखोचांत मी शिरत नाही. पुढे पक्ष फुटत गेले, कार्यकर्ते वाटले गेले आणि त्याची झळ मैदानावरच्या मुलांना लागली, एवढे मात्र म्हणते.

कलापथकाविषयी लिहिताना हात आखडता घ्यावा लागतो, इतके सांगण्यासारखे आहे. कवी वसंत बापट, लीलाधर हेगडे, नृत्य करणाऱ्या सुधाताई वर्दे, निळू फुले, राम नगरकर हे सगळे त्यातले. पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य याच कलापथकाने केले. निळूभाऊ तेव्हा पुण्यात माळीकाम करीत आणि तुटपुंज्या पगारातून सेवादलाला पैसे देत. पुढे सिनेमात त्यांना पाहून बायका बोटे मोडीत. त्यांना ठाऊक नसे की हा माणूस मुलींना बरोबरीने वागवणाऱ्या संघटनेत वाढला आहे. चांगल्या घरच्या मुली तमाशाच्या ढंगाच्या खेळात काम करतात, मुलांबरोबर गावोगाव फिरतात, एका पंगतीत जेवतात, ही गोष्ट कलापथकाने भाषण न करता लोकांच्या गळी उतरविली.

याच सेवादलात मृणाल मोहिले ही मुलगी होती. जन्म १९२८ चा. डॉक्टरीचे शिक्षण घेत असता ते सोडून ती सेवादलाच्या कामात पडली आणि १९४८ साली तिने सेवादलाचेच कार्यकर्ते केशव उर्फ बंडू गोरे यांच्याशी जात न पाहता लग्न केले. दोघांनी गोरेगावात संसार आणि काम एकदमच मांडले. १९५८ साली बंडू गोरे वारले. पदरी लहान मुलगी. अशा वेळी बाईने घर धरून बसावे अशीच लोकांची अपेक्षा. मृणालताई १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून आल्या आणि पाण्याच्या प्रश्नाला अशा चिकटल्या की ‘पाणीवाली बाई’ हेच त्यांचे नाव झाले.

१९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणालताईंबरोबर अहिल्याताई रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिलाताई दंडवते होत्या. पक्ष निरनिराळे, पण रॉकेल, तेल, साखर सगळ्यांच्या घरातले संपलेले. ज्या बायका नवऱ्याला विचारल्यावाचून नाक्यापर्यंत जात नव्हत्या, त्या लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. एवढ्या बायकांना रांगेत चालविणे, घोषणा एका सुरात देणे, पोलीस समोर आले तरी पांगू न देणे, हे मृणालताई सेवादलाच्या मैदानावर परकरी वयाच्या मुलींसंगे शिकल्या होत्या. प्रमिलाताईही त्याच मैदानावरच्या.

आणीबाणीत मृणालताई तुरुंगात होत्या. सुटल्यावर १९७७ साली लोकसभेवर निवडून गेल्या, आणि नंतर गोरगरिबांच्या घरांसाठी झटल्या. १७ जुलै २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या मंडळात अजून तीनचार आजीबाई अशा आहेत, ज्या लाटणेमोर्चात चालल्या होत्या. लाटणी कोणत्या लाकडाची होती इथपर्यंत त्यांना आठवते.